जात्यातली उत्तर दिशा

मागच्या उन्हाळ्यात गावाकडचं जुनं घर उतरवायचं ठरलं. माळवदाचं घर, दोन-तीन पावसाळ्यांपासून गळत होतं, वर चढून पांढरी माती टाकणारं आता कुणी राहिलं नाही, आणि भावाचं म्हणणं असं की एखादी भिंत कुणाच्या अंगावर यायच्या आत आपणच उतरवलेलं बरं. आमचं गाव गंगाखेडपासून दहा-बारा किलोमीटर, गोदावरीच्या काठाला, आमच्याकडं तिला गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. तर सामान काढता काढता परसात लिंबाखाली मोठीमायचं जातं निघालं. अर्धं मातीत रुतलेलं, खुंटा कधीच मोडून गेलेला, तोंडात वाळलेल्या निंबोळ्या. भाऊ म्हणाला राहू दे इथंच, कोण उचलणार. पण गंगाखेड म्हणजे जनाबाईचं गाव, आमच्या भागात जात्याबद्दल असं बोललेलं चालत नाही, आई लगेच चिडली.

ह्या सगळ्या गोंधळात माझा भाचा, वय वर्षं नऊ, फुटक्या हेडफोनमधून काढलेलं चकतीएवढं चुंबक दोऱ्याला बांधून गावभर हिंडत होता. खिळे, बिजागऱ्या, ट्रॅक्टरचं फाळकं, शेजारच्या म्हातारबाची काठी, सगळ्याला लावून झालं. आणि मग जात्याजवळ येऊन ओरडला, "आत्या, बग की, ह्यो दगड वढायलाय!"

मी म्हटलं चल काहीतरीच. जाऊन बघितलं तर खरंच, दोरा सरळ खाली न लोंबता जात्याकडं कलला होता. थोडासाच, पण कलला होता. चुंबक बोटाने लांब नेलं आणि सोडलं की पुन्हा हळूच दगडाला जाऊन टेकायचं. आता हे मला माहीत नव्हतं असं नाही, बेसॉल्टमधे, म्हणजे आपल्या काळ्या दगडात, मॅग्नेटाइट नावाचं चुंबकाला ओढलं जाणारं खनिज असतं हे मी पोरांना दरवर्षी सांगते, पण ज्या जात्यावर लहानपणी मी बसून मार खाल्लाय त्या जात्याला चुंबक लावून बघावं हे आयुष्यात कधी सुचलं नाही.

मी लातूरला एका कॉलेजात फिजिक्स शिकवते, बावीस वर्षं झाली. त्यातली बरीच वर्षं कंडेन्स्ड मॅटरचा पेपर माझ्याकडंच. पहिल्या तासाला कुणीतरी हमखास विचारतं, मॅडम कंडेन्स्ड म्हणजे ते मिल्कवालं का? सगळा वर्ग हसतो. मी हो म्हणते, कारण ते एकदम चूक पण नाही. विद्यापीठाच्या भाषेत 'संघनित द्रव्य' म्हणायचं, माझ्या भाषेत गोळा झालेलं द्रव्य. अणू एकटा असतो तेव्हा त्याचं शास्त्र वेगळं, आणि कोट्यवधी-अब्जावधी अणू एकमेकांना खेटून बसले, म्हणजे दगड झाला, पाणी झालं, तांब्याची तार झाली, चिखल झाला, की त्या गर्दीचं शास्त्र वेगळं. आधी ह्याला नुसतं सॉलिड स्टेट म्हणायचे. फिलिप अँडरसन आणि फोल्कर हाइन ह्यांनी १९६७ च्या सुमाराला केंब्रिजमधल्या आपल्या गटाचं नाव बदलून कंडेन्स्ड मॅटर केलं, कारण द्रवरूप हेलियमसारखी मंडळी सॉलिडच्या दारात बसत नव्हती. ह्याच अँडरसनने १९७२ मधे एक छोटा लेख लिहून ठासून सांगितलं की बारीकातल्या बारीक कणाचे नियम कळले म्हणजे सगळं कळलं असं नसतं, संख्या वाढली की नुसतं जास्त होत नाही, वेगळं होतं. हे वाक्य मी एम.एस्सी.ला असताना पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं हे तर आमचे दादा रोज सांगायचे.

दादा म्हणजे माझे वडील, परभणीच्या मोंढ्यात एका आडतीवर मुनीम होते. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायचे. पायलीनं मोजायचा जमाना तेव्हा संपत आला होता, काटे आले होते, पण दादांच्या तोंडात जुने हिशोब. ते म्हणायचे ज्वारीचा दाणा कुणाला पण कळतो, ज्वारीची रास कळायला जन्म जातो. घेताना पायली हलवून, ठोकून, शीग लावून भरायची, आणि विकताना वरून अलगद सोडायची, हात न लावता. तेच माप, तेच दाणे, आणि फरक मात्र घेणाऱ्याच्या खिशाला कळण्याइतका. ह्याला मापात पाप म्हणतात हे बरोबरच, पण ह्यात फिजिक्स पण आहे. गोल गोट्या कशाही ओतून हलवल्या तर जागेचा साधारण ६४ टक्के भाग भरतो, त्याच्यावर काही केल्या जात नाही. जालन्याची मोसंबी गाड्यावर जशी रचतात, एका थराच्या खोबणीत दुसरा थर, तसं रचलं तर ७४ टक्के. ह्याच्यापेक्षा दाट रचता येत नाही हा अंदाज केप्लरने १६११ मधे केला होता आणि गणिताने तो सिद्ध व्हायला १९९८ उजाडलं. फळवाल्याला हे सगळं न शिकवता येतं. मधला तो दहा टक्क्यांचा फरक म्हणजेच एका अर्थी स्फटिक आणि काच ह्यांच्यातला फरक, एकात रांगेची शिस्त आहे आणि दुसऱ्यात नुसतीच चेंगराचेंगरी होऊन गर्दी जागच्या जागी अडकलीय. खडीसाखर आणि जत्रेतला गोळीपाक दोन्ही साखरच की. एक मोडली तर सपाट पैलू पडतात, दुसरा मोडला तर काचेसारखा वेडावाकडा.

बरं, जात्याकडं येते.

लहानपणी आम्ही सगळ्या पोरी-पोरांनी गंगेच्या वाळूत चुंबक ओढलेलं आहे. रेडिओचा स्पीकर फुटला की आतलं ते जड काळं कडं दोरीला बांधायचं आणि वाळूतून फरफटत न्यायचं, त्याला काळी मिशी फुटायची. ती पूड डबीत भरून कागदाच्या खालून चुंबक फिरवायचं की पूड केसासारखी उभी राहून चालायची. आम्ही त्याला लोखंडाचा कीस म्हणायचो. ते लोखंड नव्हतंच, मॅग्नेटाइट होतं, लोखंडाचं ऑक्साइड, बेसॉल्ट झिजून झिजून वाळूत आलेलं. ज्या दगडाचं जातं त्याच दगडाची ही पूड, आणि त्याच दगडाची आमची काळी माती पण. माझी ही आवडती गोष्ट आहे, एकाच लाव्हाची तीन रूपं आमच्या एका गावात, आणि तिन्ही वेगळी वागतात.

काळ्या मातीचं तर काय सांगावं. दगडातली खनिजं पाण्याने कुजून मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती होते. तिचे पापुद्रे असतात, एकेक पापुद्रा साधारण एक नॅनोमीटर जाड, म्हणजे मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक. ह्या पापुद्र्यांच्या मधे पाणी घुसतं आणि ते एकमेकांपासून सरकतात, माती फुगते. मृगाचा पहिला पाऊस पडून गेल्यावर रानातून चालून बघा, प्रत्येक पावलाला शेर-दोन शेर चिखल, चप्पल तर सोडाच, माणूस पायातून निघतो. आणि मे महिन्यात तेच पाणी निघून गेलं की पापुद्रे मिटतात, जमीन आकसते, खांद्यापर्यंत हात जाईल अशा भेगा. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडत राहते, म्हणून जमीन आपली आपणच नांगरून घेते म्हणतात. चिकणमातीच्या प्रयोगात असं दिसलंय की माती पहिल्यांदा वाळते तेव्हा भेगा एकमेकीला काटकोनात धडकतात, पण भिजणं-वाळणं पुन्हा पुन्हा झालं की त्याच भेगा हळूहळू जागा बदलून तीन तोंडांच्या होतात, १२० अंशांच्या, मधमाशीच्या पोळ्याच्या वळणाच्या. म्हणजे नुसती भेग बघून सांगता येतं की ही माती पहिल्यांदा वाळलीय का बऱ्याचदा. घर बांधताना म्हणूनच पाया काळीतून खाली मुरुमापर्यंत न्यावा लागतो. आमच्या एका नातेवाईकाने कंत्राटदाराचं ऐकून पैसे वाचवले आणि आता त्यांच्या हॉलच्या भिंतीवर दर उन्हाळ्यात भेग उघडते आणि दर पावसाळ्यात मिटते. मुलीच्या लग्नाच्या फोटोत पण आलीय ती.

पण चुंबक. भाच्याने विचारलेला प्रश्न साधा होता, दगडात लोखंड आहे का. मी म्हटलं आहे. मग तो म्हणाला, मग सगळं लोखंड चुंबक का नसतं? आणि इथं मी लिंबाखाली पाट टाकून बसले, कारण हा प्रश्न साधा नाही.

लोखंडाचा प्रत्येक अणू एक बारकं चुंबक आहे. आता कुणालाही वाटेल की मग काय, दोन चुंबकं जवळ आली की एकमेकांना ओढून रांगेत लागतात, तसे अणू लागत असतील. नाही. अणूंची ती चुंबकी ओढ इतकी किरकोळ असते की तिच्या भरवशावर राहिलं तर लोखंड निरपेक्ष शून्याच्या एखाद-दोन अंश वरपर्यंतच चुंबक राहिलं असतं, आणि ते प्रत्यक्षात ७७० अंश सेल्सिअसपर्यंत राहतं. त्याहून मोठी पंचाईत म्हणजे, नील्स बोरने १९११ मधे आणि नंतर हेंड्रिका फान ल्यूवेन ह्या बाईंनी १९१९ मधे दाखवून दिलं की जुन्या फिजिक्सचं गणित नीट केलं तर चुंबक नावाची वस्तू असायलाच नको. हे मी वर्गात सांगते तेव्हा मागच्या बाकावरचं पोरगं पण मान वर करतं. फ्रिजवर चिकटवलेलं ते मिकी माउस हा क्वांटम परिणाम आहे, म्हणजे अणूंच्या बारक्या जगाच्या नव्या नियमांचा. त्याचं कारण हायझेनबर्गने १९२८ मधे सांगितलं. दोन इलेक्ट्रॉन एकाच दिशेचा स्पिन, म्हणजे त्यांचं अंगचं बारकं चुंबकत्व, घेऊन असले तर ते एका जागी येऊ शकत नाहीत, मग ते आपोआप एकमेकांपासून लांब राहतात, आणि लांब राहिले की त्यांच्यातलं विजेचं भांडण कमी होतं. म्हणजे ते प्रेमापोटी एका दिशेला तोंड करत नाहीत, भांडण टाळायला करतात. आमच्या भावकीत पण जेवणाच्या पंगतीत असंच बसवतात, एका रांगेत, तोंडाला तोंड नको.

मॅग्नेटाइटमधे तर ह्याच्यापुढची गंमत. त्यातल्या लोखंडाचे अणू दोन गटांत बसलेले असतात आणि हे दोन गट एकमेकांच्या उलट तोंड करून असतात. फक्त एक गट जरा भारी पडतो, म्हणून वजाबाकी होऊन जे उरतं ते आपल्याला चुंबक म्हणून दिसतं. हा हिशोब लुई नेएल ह्यांनी १९४८ मधे मांडला. ग्रामपंचायतीत सहा विरुद्ध पाच झाले तरी सरपंच एकच होतो आणि गावाबाहेर त्याचंच नाव चालतं, तसं.

आणि हे सगळं तापमानाच्या एका रेघेपाशी मोडतं. ती रेघ मी पुस्तकात बावीस वर्षं शिकवली, डोळ्याने बघितली ती अशी. आमच्या घरामागच्या मैदानात दरवर्षी सुगीच्या आधी घिसाडी येऊन उतरतात. नवरा सांडशीने तापलेलं लोखंड धरतो, बायको उभी राहून घण मारते, पलीकडं लेकरू भाता, म्हणजे आता छोटा ब्लोअर, सांभाळतं. मी विळा पाजवायच्या निमित्ताने गेले आणि दोऱ्याला चांगलं तगडं निओडिमियम चुंबक बांधून नेलं. लाल-केशरी झालेल्या फाळाजवळ धरलं तर चुंबक ढिम्म, जणू समोर लोखंड नाहीच, लाकूड आहे. फाळ बाहेर काढला, केशरीचा लाल झाला, लाल मंद झाला, आणि एका क्षणी, मधलं काही नाही, चुंबक झटका खाऊन फाळाकडं ओढलं गेलं. मी इतकी हरखले की दोरा सैल सुटला आणि चुंबक जाऊन त्या तापल्या फाळाला चिकटलं. काढून गार केलं तर त्याने साधी टाचणी उचलेना. निओडिमियमचं साधं चुंबक ऐंशीएक अंशाच्या वर गेलं की ताकद गमवायला लागतं हे पण मी शिकवते. अडीचशे रुपये गेले. घणवाली बाई हसून म्हणाली, "लाल हाय तवर लोखंडाला कुणाचीच वळख नसती बाई." हे वाक्य मी दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं, ज्याच्या वर चुंबकपण जातं त्या क्युरी तापमानाची ह्याच्यापेक्षा बरी व्याख्या मला सापडलेली नाही.

मग त्या माणसाने विळ्याला पाणी दिलं. पाणी देणं म्हणजे तापलेलं पातं चर्र करून पाण्यात बुडवणं. लोखंड तापलेलं असतं तेव्हा त्याचे अणू वेगळ्या घडीत बसलेले असतात आणि त्या घडीत कार्बनच्या अणूंना जागा असते. गार होताना लोखंड घडी बदलतं, आणि हळू गार झालं तर कार्बनला बाजूला सरकायला वेळ मिळतो. पाण्यात बुडवलं की तो वेळच मिळत नाही, कार्बन आहे तिथंच अडकतो, सगळी घडी ताणली जाते, पातं कडक होतं पण काचेसारखं ठिसूळ. म्हणून पुन्हा जरा ऊब द्यायची. त्याने पात्याची धार दगडावर घासून पांढरी केली आणि निखाऱ्याजवळ धरून रंग बघत बसला, आधी गवती पिवळा येतो, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा, हे रंग पात्यावर चढणाऱ्या ऑक्साइडच्या पातळ थराचे, साधारण २२० ते ३०० अंशांच्या दरम्यान. पिवळ्याच्या थोडं पुढं गेल्यावर त्याने हात थांबवला. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही. मी विचारलं कसं कळतं, तर म्हणाला, "बगूनच." लोखंड तेवढंच, कार्बन तेवढाच, वजनकाट्यावर ठेवलं तर फरक शून्य, पण एक विळा उसाला चालतो आणि एक दोन दिवसात वाकतो. तो विळा कसकसा गार झाला हे त्याच्या पोटात राहतं.

आता गोळा झालेल्या द्रव्याची सगळ्यात भारी करामत म्हणजे सुपरकंडक्टर, आणि त्याची पण माझी एक फजिती आहे.

१९११ मधे हॉलंडमधल्या लायडनला कामरलिंग ओनेस ह्यांनी पारा ४.२ केल्विनपर्यंत, म्हणजे उणे २६९ अंशांपर्यंत गार केला आणि त्याचा विजेचा रोध एकदम नाहीसा झाला. कमी नाही झाला, गेला. अशा कड्यात वीज एकदा सोडली की फिरतच राहते. १९३३ मधे माइसनर आणि ओक्सेनफेल्ड ह्यांना दिसलं की असा पदार्थ आपल्या आतलं चुंबकी क्षेत्र बाहेर ढकलून देतो. असं का होतं हे कळायला १९५७ उजाडलं, बार्डीन, कूपर आणि श्रीफर. इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात, मग ते जोडी कशी करतील? तर त्याचं उत्तर बैलगाडीच्या चाकोरीत आहे असं मी पोरांना सांगते. ओल्या काळ्या रानातून एक गाडी गेली की चाकोरी पडते, गाडी निघून जाते पण चाकोरी थोडा वेळ तशीच राहते, आणि मागून येणारी दुसरी गाडी आपसूक त्याच चाकोरीत पडते. दोन गाड्यांची गाठ पडलेली नाही, बोलणं नाही, पण जमिनीच्या मधस्थीने जोडी झाली. इलेक्ट्रॉन जाताना धातूतले जड अणू असेच जरा ओढून ठेवून जातो, ते आळशी, चटकन जागेवर येत नाहीत, तेवढ्यात दुसरा येतो. अशा सगळ्या जोड्या मिळून एकच चाल चालायला लागल्या की एकट्या-दुकट्याला अडवून काही होत नाही.

१९८६ मधे बेडनॉर्झ आणि म्यूलर ह्यांना एका तांब्याच्या ऑक्साइडच्या चिनीमातीसारख्या ठिसूळ पदार्थात हेच ३५ केल्विनच्या आसपास मिळालं आणि पुढच्याच वर्षी यिट्रियम-बेरियम-तांबं-ऑक्सिजनचा पदार्थ आला, ९३ केल्विनवाला. मोठी गोष्ट ही की द्रवरूप नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो, म्हणजे महागडा हेलियम नको, नायट्रोजनवर काम भागतं. आणि गंमत ही की ह्या पदार्थांना ती चाकोरीची गोष्ट लागू पडत नाही. चाळीस वर्षं होत आली, सगळ्यांना पटेल असा खुलासा अजून नाही. मला पेपर शिकवताना हा भाग फार आवडतो, कारण इथं माझी आणि पोरांची पातळी सारखी होते.

तर एका वर्षी मी ठरवलं की सायन्स डेला हे पोरांना दाखवायचंच. विद्यापीठातल्या एका मैत्रिणीने स्वतः घोटून, भट्टीत भाजून केलेल्या ह्याच पदार्थाच्या दोन काळ्या टिकल्या दिल्या, आपल्या हाजमोलाच्या गोळीपेक्षा जरा मोठ्या. चुंबक होतं. प्रश्न नायट्रोजनचा. कॉलेजकडं मागणी टाकली, कागद ह्या टेबलावरून त्या टेबलावर गेला आणि तिथंच थिजला. मग आमच्या शिपायाने सुचवलं, मॅडम, तो गाभणीचा डॉक्टर असतो ना गाडीवर हिंडणारा, त्याच्या टाकीत काय असतंय? मी कपाळावर हात मारून घेतला. गायी-म्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या द्रवरूप नायट्रोजनमधेच ठेवतात! अख्ख्या जिल्ह्यात, ज्या गावात रस्ता धड नाही त्या गावात पण, उणे १९६ अंशांची टाकी मोटरसायकलला बांधून माणसं हिंडतात आणि मी शोधत होते पुण्याच्या कॅटलॉगमधे.

डॉक्टर मोकळ्या मनाचे निघाले. टाकी घेऊन स्वतःच आले. झाकण उघडलं की पांढरा धूर, पोरं बाकावर चढली. थर्माकोलच्या पेल्यात टिकली ठेवली, वरून नायट्रोजन ओतला, तडतड उकळून शांत झाला, मी चिमट्याने चुंबक धरून वर सोडलं आणि ते बदकन खाली पडलं. पुन्हा. पुन्हा बदकन. प्राचार्य घड्याळ बघायला लागले. डॉक्टर म्हणाले, "म्याडम, ह्याच्यात मी देवणी गाईंच्या पिढ्या ठिवतो, तुमचं काय बिगडलं म्हणायचं?" बिघडलं हे होतं की ती टिकली पावसाळाभर माझ्या कपाटात उघडी पडली होती आणि हा पदार्थ दमट हवा खातो, वरून काळा दिसला तरी आतून कामातून जातो. दुसरी टिकली सुदैवाने डबीत सिलिका जेलबरोबर होती. ती ठेवली, ओतला, थांबले, आणि चुंबक सोडलं.

अधांतरी. बोटभर उंचीवर नाही, फार तर ज्वारीचे दोन दाणे मावतील एवढ्या. मी बोटाने ढकललं तर जागच्या जागी गिरकी घेऊन फिरत राहिलं. टिकली चिमट्याने उचलून उलटी धरली तर चुंबक पण खाली तसंच लोंबकळत आलं, मधे हवा आणि तरी जणू अदृश्य खिळ्याने ठोकलेलं. टिकलीच्या आतल्या बारक्या दोषांमधे चुंबकी रेषा अडकून बसतात म्हणून हे होतं, माल जर अगदी निर्दोष असता तर अशी पक्की पकड आलीच नसती. वर्गात आवाज नव्हता. मग टिकली गरम व्हायला लागली, कडेचं पांढरं हिम उडालं, आणि चुंबक पडलं. डॉक्टरांनी मला हळूच विचारलं, "मंजी गार हाय तवरच ऐकतंय ते?" मी म्हटलं हो. "आन कपाटात ओल लागली की कायमचं इसरतंय." मी म्हटलं तसंच काहीसं.

भाच्याला हे सगळं सांगितलं असं नाही, त्याला मी जात्याची गोष्ट सांगितली. की हा दगड एकदा बाराशे अंशांच्या आसपासचा रस होता, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तो बाहेर आला आणि थरावर थर साचला. तापलेला होता तेव्हा ह्याच्यातल्या मॅग्नेटाइटला कुणाची ओळख नव्हती. गार होत होत ५८० अंशांच्या खाली आला, टायटॅनियम मिसळलेलं असेल तर आणखी बऱ्याच खाली, तेव्हा प्रत्येक कणाला कोणती तरी एक दिशा धरणं भाग पडलं. पृथ्वीचं चुंबकत्व किती, तर फ्रिजवरच्या चुंबकाच्या शंभराव्या भागाएवढं पण नसेल. पण कण काठावर उभे असताना तेवढा धक्का पुरला, जास्तीत जास्त कण त्या बाजूला कलले, आणि थंडी वाढली तसे तिथंच अडकले. तेव्हाची उत्तर दगडात बसली. १९५० च्या दशकात इंग्लंडच्या संशोधकांनी दख्खनचे असे दगड तपासले तेव्हा त्यातल्या चुंबकी सुया, म्हणजे कणांनी धरलेली दिशा, जमिनीशी असा कोन करून निघाल्या की जो विषुववृत्ताच्या बऱ्याच खाली, दक्षिणेलाच मिळू शकतो. म्हणजे आपली जमीन तेव्हा तिकडं होती आणि तिथून चालत इथं आली. खंड सरकतात हे तेव्हा पुष्कळ मोठ्या शास्त्रज्ञांना पटत नव्हतं.

"मग ह्या जात्यात उत्तर कुटं हाय?" भाचा.

इथं मला थांबावं लागलं. कारण दगड खाणीतून काढायच्या आधी, तो जमिनीला जोडलेला असतानाच, संशोधक त्याच्यावर दिशेची खूण करून घेतात. खूण नसेल तर आतली सुई शाबूत असून उपयोगाची नाही. हा दगड पाथरवटाने कुठल्या तरी टेकडीतून काढला, उलटा-सुलटा करून घडवला, दोन तळ्या केल्या. खालची तळी रुतून बसली आणि वरची मोठीमायने पहाटे चारला उठून पन्नास वर्षं फिरवली. दर घासाला ती साडेसहा कोटी वर्षांची उत्तर तिच्या हाताखाली गरगर फिरत होती. वर्षातून एकदा टाकी लावणारी बाई यायची, ती छिन्नीने त्यातलं थोडं उडवून जायची. उरलेलं आम्ही भाकरीतून खाल्लं, दाताखाली कचकच लागायची ती हीच.

संध्याकाळी चार जणांनी मिळून जातं उकरलं, लातूरला न्यायचं म्हणून टेम्पोत घालायला. उचलायच्या आधी भाचा मधे आला, थांबा थांबा म्हणत, मोबाईलमधलं होकायंत्र लावून, गुडघ्यावर बसून त्याने दोन्ही तळ्यांवर खडूने बाण काढला आणि बाजूला 'ऊ' लिहिलं, दीर्घ. मी सांगणार होते की बाळा, ह्याचा आता काही फायदा नाही, आणि दुसरं म्हणजे दख्खनच्या पुष्कळ थरांत ती सुई उलटीच आहे, तेव्हा पृथ्वीची उत्तर दक्षिणेला होती. नाही सांगितलं. टेम्पोवाला ओरडत होता.

जातं आता माझ्या गच्चीवर आहे, तुळशीच्या कुंडीशेजारी. वरच्या तळीवरचा बाण पहिल्याच पावसात गेला. खालच्या तळीवरचा 'ऊ' अजून आहे, वरची उचलली की दिसतो, पण तळ्या ठेवताना हमालांनी कशा ठेवल्या कुणास ठाऊक, तो सध्या शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीकडं बोट दाखवतो.